तीन दिवसांचा परवाना

डेगल्स लँडिंग, मेन
२२ सप्टेंबर

प्रिय मिरेय,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून दिलं असशील, तर त्यात तुझी काही चूक नाही. पण फोडलं असशील तर एक मागणं आहे, शेवटपर्यंत वाच. मग हवं तर शेगडीत घाल. तुझ्या लग्नाला मी का आलो नाही, ते सांगायला बसलोय. सात वर्षं झाली. त्या दिवशी तू एक कारण धरलंस आणि मी ते खोडून काढलं नाही. ते कारण खरं नव्हतं. खरं कारण ऐकून तू मला माफ करशील असं मुळीच वाटत नाही. आत्तापर्यंत मला नुसतं दुष्ट समजत होतीस, यापुढे भित्राही समजशील. तरी सांगायला हवं, आणि लिहूनच सांगायला हवं, कारण फोनवर मी पुन्हा गप्प बसेन. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आधी इकडचं थोडं लिहितो, म्हणजे हात जरा सैल होईल. बटाट्याची काढणी सुरू झाली आहे. शाळा बंद, पोरंटोरं शेतात, रस्ताभर ढेकळं पडलीत. लिओनेलमामाच्या गुडघ्यात आता लोखंड घातलंय, तरी ट्रॅक्टरवर चढतो आणि उतरताना सगळ्या संतांना नावानिशी हाका मारतो. कागद गिरणीत नवीन यंत्र आलं आणि चाळीस माणसं घरी बसली. मी वेळेवर निवृत्त झालो म्हणायचं. तुझ्या आईच्या थडग्यापाशी या वर्षी जिरेनियम लावले होते, ते हरणांनी खाल्ले. मी अजून लाकडाची कामं घेतो, खुर्च्या, कपाटांची दारं. सकाळी एकट्यापुरत्या कुट्टूच्या पिठाच्या प्लोय भाजतो, त्यातली पहिली अजूनही तव्याला चिकटते. हे सगळं वाचून तू म्हणत असशील, पापा, उगाच वळसे घेऊ नका. बरं, घेत नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या शरदात मी तुला सांगितलं होतं की डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि पाच महिने गाडी चालवायची नाही. तू तेव्हा नुकतीच नदीपलीकडच्या हॉस्पिटलात लागली होतीस. दर रविवारी फोन करून विचारायचीस, “पापा, थेंब घातले का?” मी म्हणायचो, घातले. आर्मेल आत्या पूल ओलांडून यायची आणि मला प्रार्थनेला घेऊन जायची. वाटेत डॉक्टरला शिव्या घालायची, की एवढा कसला डोळा, पाच महिने बरा होत नाही. मिरेय, थेंब नव्हते. ऑपरेशनही नव्हतं. मी शिकारीच्या कॅम्पवरून परत येत होतो, इथून तीन तासांवरच्या एका गावात, आणि दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात, पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या शाळेच्या बसवर गाडी घातली. बस रिकामी होती. न्यायाधीशाने ते वाक्य दोनदा म्हटलं, “बस रिकामी होती, मिस्टर लिझॉट.” मी गुन्हा कबूल केला. दंड भरला, पाच महिने लायसन जप्त झालं. कोर्ट लांबचं, त्यामुळे आपल्या इथल्या पेपरात काही आलं नाही. आई गेल्यावर मी किती प्यायला लागलो होतो ते तुला माहीतच नव्हतं, कारण तुझा फोन यायच्या वेळी मी शुद्धीत राहायचो. रविवार सोडून बाकीचे दिवस कसे जात होते ते आता लिहीत नाही.

लायसन परत मिळालं आणि मी समजलो, मिटलं. पुढच्या दीड वर्षात कितीदा तुझ्याकडे जेवायला आलो. पुलावरच्या तपासणी चौकीत आपला रोमेओ असायचा. त्याच्या बापाबरोबर मी गिरणीत काम केलेलं. खिडकीतून नुसता हात हलवायचा. “काय नॉर्मन्ड, आज पोरीने काय शिजवलंय?” मी म्हणायचो, “तुला नाही मिळणार.” झाली तपासणी. आपण नदीकाठची माणसं त्या पुलाला घराचा उंबरठा समजतो, पलीकडे दुसरा देश आहे हे ध्यानातच राहत नाही. त्या देशाच्या कायद्यात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आत घेत नाहीत आणि दहा वर्षं जाईपर्यंत ती बंदी उठत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

आता लग्नाचा दिवस. मी तुझ्यासाठी सिडारच्या लाकडाची पेटी केली होती, आपल्याकडे बाप मुलीला देतो तशी. सगळा हिवाळा त्यावर घालवला होता. तूच आदल्या दिवशी बजावलंस, “पापा, पेटी जाहीर करा हं पुलावर. माझे इथले कागद अजून कच्चे आहेत, आपल्या घरात काही वाकडं नको.” मी पेटी गोधडीत गुंडाळून गाडीत चढवली, नवा सूट घातला, आणि सकाळी नऊ वाजता पुलावर पोचलो. रोमेओ नव्हता. असणार कसा, त्याला तूच लग्नाला बोलावलं होतंस. त्याच्या जागी मंक्टनकडून आलेली एक मुलगी होती, तुझ्याच वयाची, केस घट्ट बांधलेले. ती मला जाऊच देत होती. पासपोर्ट परत केला होता. मीच म्हटलं, थांब पोरी, माझ्याकडे जाहीर करायची वस्तू आहे. एवढा प्रामाणिकपणा मी आयुष्यात कधी केला नव्हता. ती म्हणाली, “मग आत या, फॉर्म भरावा लागेल.” आत जाऊन तिने माझं नाव यंत्रात घातलं.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फ्रेंचमध्ये विचारलं, “मस्य लिझॉट, तुम्हाला कधी अटक झाली होती?” मी म्हटलं, “मला? छे!” तिने पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझा फोटो होता, त्या दिवशी काढलेला, डोळे अर्धवट मिटलेले. ती म्हणाली, “मग हे कोण?” मला घाम फुटला. नव्या सुटाची कॉलर ओली झाली. माझ्यामागे दोन बायका अंड्यांच्या ट्रेवरून काहीतरी विचारायला उभ्या होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. आर्मेलच्या गल्लीतल्या तर नसतील ना, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

इथवर वाचून तुला वाटेल, अच्छा, म्हणजे त्यांनी अडवलं, बापाचा बिचाऱ्याचा काय दोष. मलाही हे पत्र इथेच संपवता आलं असतं तर फार बरं झालं असतं. गेली सात वर्षं मी स्वतःला इथपर्यंतचीच गोष्ट सांगत आलोय. पण त्यांनी मला अडवलं नाही, मिरेय. त्या मुलीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “लग्न किती वाजता आहे? दोनला? मग वेळ आहे. हे बघा, असल्या माणसांना आत घेता येत नाही हे खरं, पण सबळ कारण असेल तर मी तात्पुरता परवाना देऊ शकते. मुलीच्या लग्नापेक्षा सबळ कारण कुठलं असणार? तीन दिवसांचा देते. फक्त गाडी इथेच राहील, पलीकडे तुम्ही चालवायची नाही. आणि घरचं कोणीतरी इथे येऊन सही करून तुम्हाला घेऊन जाऊ दे. मुलगी नको, तिची आज घाई असेल. नवरदेव येईल? बहीण? कोणीही चालेल.” तिने फोन उचलून माझ्यापुढे सरकवला. “नंबर लावा,” म्हणाली.

मी नंबर लावला नाही. माझ्या डोळ्यांसमोर व्होल्नी आला, लग्नाचा काळा सूट घातलेला, कोटाला पांढरं फूल लावलेला, त्या काउंटरवर वाकून दारुड्या सासऱ्यासाठी सही करणारा. माणूस पोर्ट-ओ-प्रिन्सहून आला, वर्षानुवर्षं त्याने असल्याच काउंटरांपुढे रांगा लावल्या, एकेक कागद सरळ ठेवून सगळं मिळवलं, आणि त्याने येऊन मला सोडवून न्यायचं! मला ते सहन होईना. आर्मेलला बोलावलं असतं, तर चर्चमध्ये फुलं लावता लावता ती निघाली असती आणि कुठे निघालीस असं सगळ्यांनी विचारलं असतं. मी म्हटलं, “नको.” त्या मुलीला आधी कळेचना. “नको म्हणजे? मस्य, तुमच्या मुलीचं लग्न आहे.” मी म्हटलं, “माझं ठरलंय.” तिने फोन परत आपल्याकडे ओढला. मग एक कागद काढला, मी स्वखुशीने परत जातोय असं लिहिलेला. मी सही केली. स्वखुशीने, मिरेय. तो कागद अजून माझ्या खणात आहे. पेटी घेऊन मी गाडी वळवली. अलीकडच्या बूथमधल्या अंमलदाराने विचारलं, “इतक्यात परत? लग्न उरकलं पण?” मी म्हटलं, काहीतरी विसरलोय.

घरी आलो आणि तुला फोन केला. पाच-सहा बायका मागे हसत होत्या, कोणीतरी तुझे केस करत असावं. “पापा, कुठे पोचलात?” मी म्हटलं, “मी येत नाहीये.” तू विचारलंस, बरं नाही का? मी म्हटलं, बरा आहे. मग तू उठून दुसऱ्या खोलीत गेलीस, दार लावल्याचा आवाज आला, आणि अगदी बारीक आवाजात म्हणालीस, “व्होल्नीमुळे?”

मी काहीच बोललो नाही. तू थांबलीस. मला वाटतं तू बराच वेळ थांबलीस. एक ‘नाही’ म्हणायचं होतं, दोन अक्षरी. पण नाही म्हटलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस, मग का? आणि त्याचं उत्तर माझ्या तोंडून निघणार नव्हतं. तू फोन ठेवलास. दुपारी तुमच्या वरातीच्या गाड्यांचे भोंगे नदीवरून ऐकू आले. मी पायरीवर सूट घालूनच बसलो होतो.

तुला ते लगेच खरं वाटलं, याचंही कारण मीच होतो. पहिल्यांदा तू त्याला आपल्याकडे जेवायला आणलंस तेव्हा मी कोंबडीचा रस्सा केला होता आणि प्लोय. त्याने खिशातून तिखटाची छोटी बाटली काढून रश्श्यात दोन थेंब टाकले. मी म्हटलं, “आमच्याकडच्या जेवणाला औषध लागत नाही.” तो हसला. “मस्य, पुढच्या खेपेला दोन बाटल्या आणतो, एक तुमच्यासाठी.” मला तो आवडला, पण मी हसलो नाही. तुम्ही निघताना तुला एकटीला गाठून म्हणालो, “हा माणूस इथल्या थंडीत टिकायचा नाही, आणि पोरं झाली तर ती कुणाच्यात धरायची?” तुझा चेहरा उतरला होता, तो मी पाहिला होता. तेव्हा माझ्या मनात तसलं काही नव्हतंच असं मी म्हणणार नाही. होतं थोडं. इथल्या सगळ्यांच्या मनात असतं तेवढं होतं, आणि मी ते कधी उकरून पाहिलं नव्हतं. पण त्यापायी मी तुझ्या लग्नाला आलो नसतो, असं कधीच झालं नसतं. पेटीच्या झाकणाच्या आतून मी तुमच्या दोघांची नावं कोरली होती.

आता लिहायला सगळ्यात जड जातंय ते लिहितो. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं, रडूही आलं, पण त्याच्या आत कुठेतरी हायसं वाटलं. दारुडा ठरण्यापेक्षा काळ्या जावयाला न स्वीकारणारा बाप ठरणं मला सोपं वाटलं. इथे ते सोपंच आहे, ग. दुसऱ्या आठवड्यात माजी सैनिकांच्या लिजन हॉलमध्ये लिओनेलमामाने माझ्या खांद्यावर थाप मारली. “बरं केलंस. कोणीतरी ताठ उभं राहायला हवंच होतं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याने माझ्यासाठी कॉफी मागवली आणि मी ती प्यायलो. शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, आणि आभारही मानले. दारूबद्दल लोक तोंड फिरवतात, जावयाला नाकारल्याबद्दल मात्र मला कॉफी मिळाली. हे मला तेव्हाच कळत होतं, नंतर कळलं असं सांगून सुटका करून घेत नाही. दारू मी त्याच डिसेंबरात सोडली. कोणासमोर वचन वगैरे दिलं नाही. फक्त मला रविवारचे फोन यायचे बंद झाले होते, आणि शुद्धीत राहायला एक दिवस ठरलेला नसला की मग सगळेच दिवस शुद्धीत काढावे लागतात की काय, कोण जाणे. याचं श्रेय मागत नाहीये.

एक गोष्ट तुला बहुधा माहीत नाही. गेल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा व्होल्नी आला होता. एकटाच. दुपारची ड्युटी लागायच्या आधी, नर्सच्या निळ्या कपड्यांत. माझा तक्ता वाचला, उशी सरळ केली, आमच्या इथल्या नर्सला दोन गोष्टी विचारल्या. मग खुर्ची ओढून बसला आणि फोनवर तुमच्या लेकीचा, नादेजचा फोटो दाखवला, पुढचा दात हलतोय ते बोटाने दाखवणारी. म्हणाला, “मस्य लिझॉट, मी तुम्हाला आवडत नसेन, चालेल. माणसाला सगळेच आवडत नाहीत. पण मिरेयला तुम्ही लागता. ती म्हणणार नाही, म्हणून मी सांगतोय.” माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. बस, कोर्ट, काउंटर, सगळं. मी खोकायला लागलो. खोकला खरा होता, पण मी तो लांबवला. त्याने मला पाणी पाजलं, माझ्या पाठीवर हात फिरवला, आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून गेला. मी त्याला तसाच जाऊ दिला. हे पत्र त्यालाही वाचायला दे. त्याची माफी मागायला मी निराळं पत्र लिहिणार होतो, पण ते चार वेळा फाडलं. जे लिहिलं ते सारखं माझ्याच दुःखाबद्दल होत होतं, म्हणून तूर्त इथेच, तुझ्यामार्फत, सरळ मागतो.

गेल्या जुलैमध्ये मी पलीकडच्या सरकारकडे तात्पुरत्या परवान्याचा अर्ज केला. आर्मेल आत्याने निमंत्रणाचं पत्र दिलं. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा आधी तिने मला एक थोबाडीत ठेवून दिली, एकाहत्तर वर्षांच्या भावाला, स्वयंपाकघरात उभं राहून. मग म्हणाली, “डोळ्याचे थेंब! मी तुझ्या डोळ्यासाठी मेणबत्त्या लावल्या रे, गाढवा!” दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन आली. अर्जात एक मोकळी चौकट असते, तुम्हाला का यायचंय आणि थांबता का येणार नाही ते लिहायला. खरं तर थांबता येत होतं. अजून चौदा महिन्यांनी दहा वर्षं पुरी होतात. मग मला कसला परवानाच लागणार नाही, कोणी काही विचारणार नाही, आणि तुला यातलं काही कळायची गरजही पडणार नाही. मी एक दिवस पूल ओलांडून तुझ्या दारात उभा राहिलो असतो, म्हातारा झालोय, मन बदललंय, माफ कर म्हणालो असतो, आणि तू कदाचित आत घेतलंही असतंस. मन बदललेला बाप! असल्या माणसाचं कौतुकच होतं. तोच बेत होता माझा, कित्येक वर्षांचा. तो मोडून अर्ज केला. गेल्या सोमवारी उत्तर आलं. पाच दिवसांचा परवाना मिळालाय, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याचा, तुमच्याकडचा थँक्सगिव्हिंग येतो तेव्हाचा. एकदाच आत येता येईल आणि गाडी चालवायची नाही. तू बोलावलंस तर आर्मेल मला घेऊन येईल. नाही बोलावलंस तर तो कागद तसाच राहील आणि मी कोणाला काही म्हणणार नाही.

पण मी येणं न येणं बाजूला ठेव, त्यासाठी हे पत्र नाही. जुलैमध्ये, मी अर्ज करायच्या आधी, आर्मेल नादेजला सांभाळायला तुमच्याकडे होती, त्या दिवसासाठी आहे. दोघी ओट्यापाशी प्लोयचं पीठ कालवत होत्या. नादेजने तिला माझ्याबद्दल विचारलं, “मातांत, पेपेर नदीच्या पलीकडे राहतात ना?” आर्मेल म्हणाली, हो. “मी त्यांना आवडत नाही ना, पापासारखी आहे म्हणून?” आर्मेलने पिठाचा हात पुसला. ती म्हणाली, असं नसतं ग सोन्या. तेव्हा पोरीने बाही वर करून हात दाखवला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, “हिवाळ्यात मी थोडी उजळ होते. तेव्हा बोलावू या, तेव्हा येतील.” आर्मेलने तुला हे सांगितलं नाही, तुझ्याच्याने ऐकवणार नाही म्हणून. ती तशीच माझ्याकडे आली आणि दारातूनच ओरडली, “जा, तिला काय उत्तर द्यायचं ते तू दे!” मी हे तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पण मी आधी परवाना हातात येऊ दिला, नुसती कबुली घेऊन तुझ्यापुढे यायची लाज वाटली म्हणून, आणि तेवढे दोन महिने ते त्या पोरीच्या डोक्यात राहू दिलं. आता आणखी राहू देऊ नकोस. आजच तिला जवळ घेऊन सांग की पेपेर दारू पिऊन गाडी चालवायचे म्हणून त्यांना पुलावरून येऊ देत नव्हते, आणि लाज वाटली म्हणून त्यांनी सगळ्यांना खोटं समजू दिलं. लहान आहे म्हणून माझी बाजू सावरून घेऊ नकोस, दारुडा हाच शब्द वापर, खोटारडा म्हटलंस तरी चालेल. फक्त बर्फ पडायच्या आत सांग.

तुझाच, सात वर्षं हे लिहायचं धाडस न झालेला,
पापा